पुढचं चाक जास्त काळं का?

आधी एक काम करा. घरची, शेजारच्या काकांची किंवा सोसायटीत उभी असलेली कुठलीही चारचाकी बघा. गाडी बंद आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि चाकं गार आहेत, एवढं मोठ्यांना विचारून घ्या. मग खाली बसा आणि पुढच्या चाकाच्या रिमवरून एक ओलं बोट फिरवा. मागच्या चाकाच्या रिमवरून दुसरं. आता दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरा.

बहुतेक गाड्यांमध्ये पुढच्या चाकाचं बोट काळंकुट्ट निघतं आणि मागच्याचं नुसतं मातकट. गंमत आहे की नाही? रस्ता तोच, खड्डे तेच, गाडी चालवणारी आत्याही तीच. पालघरच्या पाचबत्तीवरून निघून वाघोबा खिंडीतून मनोरला गेलेली आणि हायवेनं चिल्हार फाट्यावरून बोईसरला उतरलेली ही गाडी. चारही चाकं सारखीच फिरली. मग मळात हा फरक कुठून आला?

म्हणून म्हणतो, चाकावर लगेच पाणी ओतू नका. त्यावर एकच मळ नसतो, चार-पाच तऱ्हेचे असतात. प्रत्येक जण वेगळ्या गावाहून आलेला आणि प्रत्येकाची जायची रीत वेगळी. आधी चौकशी, मग बादली.

चिखलाची चौकशी पटकन संपते. तो रस्त्यावरून उडतो, वाळतो आणि पाण्यानं जातो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर त्यात एक पाहुणा मिसळतो, तो म्हणजे नागझरीकडच्या दगडखाणींमधून खडी नेणाऱ्या डंपरांची धूळ. आपला दगड काळा पाषाण, पण त्याची पूड मात्र फिकी राखाडी. विश्वास बसत नसेल तर दोन काळे खडे एकमेकांवर घासून बघा.

आता तो काळाकुट्ट मळ. तो रस्त्यावरचा नाहीच! तो गाडीनं स्वतः तयार केलाय.

चाकाच्या जाळीतून आत डोकावा. एक चकचकीत चकती दिसेल. ही ब्रेकची डिस्क. ती बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पॅडमध्ये धातूची पूड, ग्रॅफाइट, तंतू असं बरंच काही राळेत घट्ट बसवलेलं असतं. घासाघाशीत चकतीही झिजते आणि पॅडही झिजतात. ती झीज म्हणजेच हा काळा भुगा.

घासाघाशी किती जोरात होते, हिशेब करू या. गाडीचं वजन १००० किलो धरा. हायवेवर ती ताशी ९० किलोमीटरनं चाललीय, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. नववीतल्या ताईला सूत्र विचारा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं ३ लाख १२ हजार ५०० ज्यूल. गाडी थांबली म्हणजे एवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि फक्त ब्रेकनं थांबवली तर ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत नळाचं एक लिटर पाणी उकळीला येईल. मनोरच्या उतारावर एखादी म्हैस आडवी आली, काकांनी करकचून ब्रेक मारला की झालं, एका चहाच्या पातेल्याचं काम फुकट गेलं!

मग पुढची चाकंच का? एसटीत उभे असताना चालकानं ब्रेक मारला की तुम्ही कुठे झुकता? पुढे. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात. दुसरं कारण असं, की आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम. ड्रम म्हणजे बंद डबा. त्याच्या आत ब्रेक शू घासतात आणि भुगा बराचसा डब्यातच राहतो. डिस्क उघडी, तिचा भुगा थेट रिमवर. तुमच्या गाडीचं मागचं चाकही तितकंच काळं निघालं असेल तर आत डोकावून बघा, मागेही डिस्क असण्याची शक्यता आहे.

हा भुगा कोरडा असताना फुंकर मारायची नाही, ब्रशनं झटकायचा तर अजिबात नाही. कण फार बारीक असतात आणि सरळ छातीत जातात. पूर्वीच्या ब्रेकच्या अस्तरात तर ॲस्बेस्टॉस असायचं, जे फुप्फुसाला घातक आहे. आधी ओलं करायचं, मगच हात लावायचा.

ओला भुगा मिळालाय तर एक प्रयोग करू. ओल्या फडक्यानं पुढचं रिम पुसा आणि फडकं काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाडग्यातल्या पाण्यात पिळा. स्टीलचं वाडगं नको. जुन्या स्पीकरमधला किंवा फ्रिजवरचा लोहचुंबक वाडग्याच्या खालून हळूहळू फिरवा. काळे कण गोळा होऊन एखाद्या सुरवंटासारखे चुंबकाच्या मागे मागे चालायला लागतात! बिडातलं लोखंड ते हेच.

पण थांबा. पालघरमध्ये हा पुरावा इतका सरळ नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला, आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं. तेही चुंबकाला चिकटतं. किनाऱ्यावरच्या वाळूत चुंबक फिरवला तर काळे कण चिकटून येतात ते याच घराण्यातले. मग ब्रेकचा भुगा आणि दगडाची धूळ वेगळी कशी ओळखायची? दुसऱ्या वाडग्यात रस्त्याकडेची धूळ कालवा आणि तिच्याखालूनही चुंबक फिरवा. धुळीतले थोडेच कण हलतील, बाकीचा गाळ ढिम्म बसून राहील. पुढच्या चाकाच्या भुग्यातले पुष्कळ कण चुंबकामागे जातील. एका वाडग्यावरून निकाल द्यायचा नसतो, तुलनेला दुसरं लागतंच.

आता पांढऱ्या गाडीवर किंवा चंदेरी अलॉयवर नारिंगी ठिपके आहेत का बघा. टाचणीच्या डोक्याएवढे, घासून न जाणारे. लोक म्हणतात, "पानाची पिचकारी उडाली असेल." कधी कधी असेलही! पण बहुतेक वेळा हा गंज असतो, आणि तो गाडीच्या पत्र्याचा नसतो. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण तापलेले असतात. ते रिमच्या वरच्या पारदर्शक लेपात रुततात आणि मग दमट हवेत गंजतात. लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा मागतो, म्हणून फुगतो आणि लेपाला आतून उचलतो.

रेल्वे स्टेशनजवळ रोज गाडी लावणाऱ्यांकडे हे ठिपके टपावर आणि बॉनेटवरही सापडतात. आगगाडीची चाकं लोखंडी, रूळ लोखंडी, दोघांची घासाघाशी, शिवाय तिचे ब्रेक. गाड्या रंगवणारे कारागीर या कणांना 'रेल डस्ट' म्हणतात. पालघर आणि बोईसरवरून पश्चिम रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धडधडत जातात, २०१३ पासून विरार-डहाणू लोकलही आली. तेव्हा रुळाशेजारच्या पार्किंगमधली पांढरी गाडी म्हणजे तयार प्रयोगशाळाच. (बघायची ती गाडी. रुळांकडे फिरकायचं नाही.)

हे ठिपके शाम्पूनं जात नाहीत. त्यासाठी बाजारात एक खास द्रव मिळतो. तो फवारला की आधी पाण्यासारखा दिसतो आणि पाहता पाहता रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. जादू वाटते, पण आहे रसायनशास्त्र. त्यातलं अमोनियम थायोग्लायकोलेट लोखंडाला पकडतं आणि दोघांचं मिळून जे बनतं त्याचा रंग जांभळा. जिथे लोखंड नाही तिथे रंगही नाही. ब्युटी पार्लरमध्ये केस कुरळे करायला याच कुळातलं रसायन वापरतात. वास मात्र सडक्या अंड्यासारखा, गंधकाचा. हे काम हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसाचं. तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून बघायचं.

तारापूर एमआयडीसीत ज्यांचे आईबाबा पोलादाच्या तारा किंवा पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, त्यांनी 'पिकलिंग' हा शब्द ऐकला असेल. त्यात लोणचं वगैरे काही नसतं. पोलादावरचा गंज काढायला ते ॲसिडच्या हौदात बुडवतात. काही जण हीच युक्ती घरी करतात, संडास धुवायचं ॲसिड चाकावर ओततात. कारखान्यातलं पोलाद वेगळं आणि अलॉयचं ॲल्युमिनियम वेगळं. ॲल्युमिनियम हवेत आलं की स्वतःभोवती ऑक्साइडचा एक अतिपातळ पापुद्रा तयार करतं आणि त्याच पापुद्र्यामुळे ते टिकतं. ॲसिड तो पापुद्राच खाऊन टाकतं. मग अलॉयवर पांढुरके चट्टे पडतात आणि ते कायमचे. कास्टिक सोडाही तसाच वाईट.

समुद्राचं मीठसुद्धा या पापुद्र्याचा शत्रू. केळवे, शिरगाव किंवा चिंचणीला गेल्यावर काही हौशी लोक गाडी थेट वाळूत घालतात. कधी भरती येते, गाडी रुतते आणि अख्खं गाव दोर घेऊन मदतीला धावतं. ती गोष्ट सगळ्यांना कळते. जी नाही रुतली तिची गोष्ट कुणाला कळत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार नट-बोल्टच्या खाचांत बसून राहतात. त्यांतलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंजाचं काम रात्रंदिवस चालू राहतं. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्यानं चाकं धुणं, एवढाच उपाय.

आता रिम सोडून टायरकडे वळू. टायर काळा, मळ काळा, म्हणून टायर धुवायची गरजच नाही असं कुणालाही वाटेल. जुन्या प्लास्टिकच्या घासणीनं टायरची बाजू साबणाच्या पाण्यानं घासून बघा. फेस काळा नाही, तपकिरी निघतो. पुन्हा घासा. पुन्हा तपकिरी! हा रस्त्याचा मळ नव्हे, टायरच्या पोटातूनच काहीतरी बाहेर येतंय.

रबराचा एक छुपा वैरी आहे, ओझोन. वर आकाशात तो आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण जमिनीलगत वाहनांच्या धुरावर ऊन पडून थोडा ओझोन तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच त्यात मेण आणि 'सिक्स-पीपीडी' नावाचं रसायन मिसळतात. गाडी चालताना टायर दबतो, फुगतो, पुन्हा दबतो, आणि ही दोन्ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात. आई उन्हात निघताना चेहऱ्याला क्रीम लावते ना? टायर आपलं क्रीम स्वतःच्या अंगातून काढतो. सिक्स-पीपीडी ओझोनशी झटापट करून स्वतः तपकिरी होतं, रबर वाचतं. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडतात, कारण तो दबतच नाही आणि क्रीम वर येतच नाही.

आणि टायर काळा कशामुळे? रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो. सुरुवातीचे टायरही फिके, मळकट पांढरे असायचे. मिशलिन या टायर कंपनीचा टायरांचा बनलेला गुबगुबीत माणूस तुम्ही पाहिला असेल. तो १८९८ सालचा, म्हणून तो आजही पांढरा आहे. पुढे १९१० च्या आसपास रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची अतिबारीक काजळी, घालायला लागले. काजळी घातली आणि टायर कितीतरी पटींनी जास्त टिकू लागला. शिवाय ती अतिनील किरण शोषून घेते. अमेरिकेत ही काजळी गुडरिच टायर कंपनीला विकणाऱ्यांत बिनी अँड स्मिथ ही कंपनी होती. तीच, जिनं १९०३ मध्ये क्रेयोला नावाचे रंगीत खडू बाजारात आणले! खडूवाल्यांनी टायर काळे केले म्हणायचे.

काजळीचा प्रवास टायर संपल्यावरही थांबत नाही. आपल्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, जुने टायर हवाबंद भट्टीत तापवणारे कारखाने आहेत. हवाच नाही, म्हणून टायर पेटत नाही. त्याचं तेल, काळी पूड आणि लोखंडी तार असं सुटं होतं. कल्पना हुशारीची आहे, पण आसपासच्या गावकऱ्यांच्या धुराबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. मला विचाराल तर, टायर जास्त दिवस टिकवणं ही त्याहून हुशारीची गोष्ट.

टायर चमकवायला काही लोक त्यावर डिझेल नाहीतर रॉकेल फासतात. दोन दिवस टायर लखलखतो. मग? याचं उत्तर एका फुग्याकडे आहे. फुगा फुगवा, संत्र्याची साल त्याच्याजवळ धरा आणि साल दुमडून पिळा. सालीतून तुषार उडतात आणि फट्‌! सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, ते रबरात शिरतं आणि पातळ, ताणलेलं रबर फाटतं. (डोळे लांब ठेवा, ते तेल चुरचुरतं.) डिझेलही रबरात असंच शिरतं. टायर जाड असतो, १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरनं शोधलेल्या युक्तीनं त्याचं रबर गंधकासह तापवून पक्कं केलेलं असतं, म्हणून तो फट्‌ करत नाही. पण तो फुगतो, मऊ पडतो आणि त्याचं मेण, त्याचं रक्षक रसायन डिझेलात विरघळून निघून जातं. चमकवायच्या नादात क्रीमच पुसलं. दुकानातलं टायर पॉलिश बरं, पण तेही फक्त बाजूला. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर लावलंत तर ब्रेकच्या वेळी गाडी घसरेल. एका टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम आपल्या तळहाताएवढा असतो. हजार किलोची गाडी चार तळहातांवर उभी आहे, त्यांना तेल लावून चालेल का?

चौकशी झाली, आता बादल्या आणा. दोन हव्यात. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, फडकं खळबळायला. गाडीची चाकं आधी धुवायची, अंग नंतर, कारण चाकं धुताना काळे शिंतोडे दारांवर उडतातच. चाकाचं फडकं अंगाला लावायचं नाही, त्यातले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. शाम्पूच्या रेणूचं एक टोक पाण्याशी मैत्री करतं आणि दुसरं तेलाशी. तेलकट टोकं मळाला घेरतात, पाण्याची टोकं त्याला ओढून नेतात. त्यांना मिनिट-दोन मिनिटं वेळ द्या, मग घासायला जोर लागत नाही. नक्षीत अडकलेले खडे बोथट काडीनं काढा. खिळा दिसला तर काढू नका, मोठ्यांना दाखवा, पुढचं काम पंक्चरवाल्याचं.

दूरवरून नुकत्याच आलेल्या गाडीच्या चाकांवर पाणी मारू नका. ती डिस्क किती तापते ते आपण पाहिलंय. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं तर चकती वाकडी होऊ शकते. आणि एक मजा: संध्याकाळी चाकं धुतलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी चकचकीत डिस्क नारिंगी झालेली दिसेल. घाबरू नका. बीड उघडं असतं, एका रात्रीत त्यावर गंजाची पातळ साय धरते, आणि गाडी निघाल्यावर चार-दोनदा ब्रेक लावला की पॅड ती पुसून टाकतात.

पाईप सोडून धुतलं तर मिनिटाला दहाएक लिटर पाणी सहज जातं. बोईसर-पालघरचं बरंचसं पाणी सूर्या नदीच्या प्रकल्पाचं, धामणीच्या धरणातून आलेलं. याच जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. चार चाकांना दोन बादल्या पुरतात, मी करून बघितलंय.

आणि धुतलेलं पाणी जातं कुठे? गटारात, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बाजूला वर्षानुवर्षं एक कोडं होतं. जोराचा पाऊस पडला की ओढ्यांत आलेले कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी गुन्हेगार पकडला. टायरमधलं तेच सिक्स-पीपीडी ओझोनशी झटापट केल्यावर ज्या नव्या पदार्थात बदलतं, तो पदार्थ. झिजलेल्या टायरची पूड पावसानं ओढ्यात वाहून नेली होती. टायरला वाचवणारं औषध माशाला विष ठरलं. खाडीत काय सोडलं जातं याबद्दल आपल्याकडचे मच्छीमार फार जागे आहेत. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. तेव्हा चाकं धुवायला गटाराची कड नको. गाडी माती-गवताच्या जागेवर घ्या. भुगा मातीत अडकतो, पाणी मुरतं. मात्र विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्याजवळ नको. आणि ते जांभळं रसायन तर मातीतही नको, ते काम सर्व्हिस सेंटरवाल्यांना करू द्या.

टायर स्वच्छ झाला की त्याच्या बाजूवरची अक्षरं वाचता येतात. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतल्या रिमचा व्यास १५ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असला उत्तरपत्रिकेतला गोंधळ बाईंनी चालवून घेतला नसता. पण हिशेब जमतो. पूर्ण चाकाचा व्यास येतो सुमारे ६२ सेंटिमीटर, परीघ जवळजवळ १९५ सेंटिमीटर. पालघर ते बोईसर साधारण १२ किलोमीटर धरा, म्हणजे हे चाक वाटेत सहा हजारांहून जास्त वेळा फिरतं.

नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे दिसतील, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला, बदलायला हवा. आणि एका लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, जन्मला. चौकट टायरच्या आतल्या बाजूला असली तर बाहेरून दिसत नाही. दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी टायर वापरू नका, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. चार चाकं वाचून झाली की डिकीतली स्टेपनी बघायला विसरू नका. ती कधी चिखलात गेलेली नसते, तिच्यावर ब्रेकचा भुगा नसतो, पण पुष्कळ घरांत सगळ्यांत म्हातारा टायर तीच निघते.